अराज्यवाद म्हणजे नेमके काय, आणि चळवळीने कंपन्यांच्या समाजमाध्यमांवर किती विसंबावे?

प्रश्न : साखर पेठ वाचक

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही काही जण मिळून एक लहानसे अभ्यासमंडळ चालवतो. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग, चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याविषयी महापालिकेकडे पाठपुरावा आणि रविवारचे सामूहिक वाचन, असे त्याचे साधारण काम आहे. मंडळाला अध्यक्ष नाही आणि सचिवही नाही. जबाबदाऱ्या ठरावीक काळाने फिरत राहतात आणि निर्णय सर्वांचे म्हणणे ऐकून, शक्यतो एकमताने होतात. ही पद्धत आम्ही कुठल्या पुस्तकातून उचललेली नाही. पण बाकुनिन आणि क्रोपोटकिन या रशियन विचारवंतांविषयी वाचू लागल्यावर आमच्यातील काही जणांना वाटू लागले की आपण करतो ते अराज्यवादाच्या (इंग्रजीत ॲनार्किझम) फार जवळचे आहे. इतरांना हे नाव मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते अराज्यवाद म्हणजे जाळपोळ, बॉम्ब आणि कोणाचाच कोणाला धरबंध नसणे, आणि ज्या शहराने १९३१ मध्ये आपले चार तरुण फासावर गमावले त्या शहरात तरी ही भाषा जपूनच वापरावी.

हा वाद चालू असतानाच दुसरा प्रश्न उभा राहिला. एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर असलेले आमचे पान एके दिवशी अचानक बंद झाले. नियमभंग झाल्याचा एक साचेबद्ध संदेश आला, पण कोणता नियम आणि कोणत्या मजकुरामुळे, हे कळले नाही. दाद मागण्यासाठी जो अर्ज भरला त्याचे उत्तर आलेले नाही. सभांच्या सूचना, छायाचित्रे, वाचनाची टिपणे आणि मुख्य म्हणजे आमच्याशी जोडल्या गेलेल्या लोकांचे धागे, सारे त्या एका पानावर होते. ज्या सत्तेला आपण प्रश्न विचारू शकत नाही ती सत्ता मान्य करायची नाही, असे आम्ही दर रविवारी बोलतो आणि आमचे सारे सार्वजनिक जीवन मात्र अशाच एका सत्तेच्या हाती सोपवून बसलो आहोत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. ही माध्यमे पूर्णपणे सोडून द्यावीत काय? सोडली, तर ज्या लोकांसाठी काम करायचे त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे? जाणकारांनी दोन्ही प्रश्नांवर सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त शिक्षक, बाळी वेस

आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून पहिल्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

स्वतःला उघडपणे अराज्यवादी म्हणवून घेणारा पहिला मोठा लेखक फ्रान्सचा पिएर-जोसेफ प्रूधाँ, आणि ते वर्ष १८४०. त्याच्यापासून सुरू झालेल्या या परंपरेचा विरोध वरून लादलेल्या आणि खालून कधीही हलवता न येणाऱ्या सत्तेला आहे. नियमांना, संघटनेला किंवा शिस्तीला तिचा विरोध नाही. १८७२ मध्ये हेगच्या अधिवेशनात बाकुनिनला पहिल्या इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, काढून टाकण्यात आले, त्यामागे मार्क्सच्या अनुयायांशी असलेला त्याचा जो वाद होता त्याचा गाभा हाच आहे. कामगारांच्या नावाने राज्यसत्ता हाती घेतली, तर ती चालवणारे थोड्याच काळात कामगार उरणार नाहीत, ते नवे मालक होतील, अशी त्याला भीती होती. क्रोपोटकिन हा भूगोलतज्ज्ञ होता. सायबेरियातील प्रवासात त्याने पाहिले की अत्यंत कठोर हवामानात जे प्राणी एकमेकांना धरून राहतात तेच तगतात, आणि त्या निरीक्षणावर त्याने १९०२ मध्ये परस्परसाहाय्याचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. माणसे हुकमाशिवायही सहकार्य करतात, किंबहुना रोजच्या जगण्याचा मोठा भाग अशा सहकार्यावरच चालतो, हे त्याचे प्रतिपादन होते.

अराज्यवादी संघटना करीत नाहीत हा गैरसमज स्पेनच्या इतिहासाने खोडून काढला आहे. तेथील सेएनते ही कामगार संघटना १९१० मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिचे सभासद लक्षावधींच्या घरात गेले. तिच्यात प्रतिनिधी होते, पण त्यांना सभेने दिलेल्या आदेशाबाहेर जाण्याची मुभा नसे आणि त्यांना परत बोलावता येत असे. जुलै १९३६ मध्ये लष्करी बंड झाल्यावर बार्सिलोनाची ट्रामसेवा तिच्या कामगारांनी स्वतः चालवायला घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघटनेचे चार जण सरकारात मंत्री झाले, आणि त्या निर्णयावरून अराज्यवाद्यांमध्ये आजतागायत तीव्र मतभेद आहेत. मला स्वतःला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो, पण त्याची किंमत त्या चळवळीने मोजली, हेही खरे आहे.

आपल्या सहकाऱ्यांची शंका मात्र निराधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी काही अराज्यवाद्यांनी राजकीय हत्या केल्या. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो, १९०० मध्ये इटलीचा राजा उंबेर्तो आणि १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांचे बळी गेले. हा डाग लपवण्यात अर्थ नाही. परंतु हिंसेचा शिक्का बसण्याची दुसरीही एक बाजू आहे आणि ती सोलापूरकरांना चटकन समजेल. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी आंदोलन चालू असताना हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरीही अराज्यवादी कार्यकर्त्यांवर खटला चालला आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी देण्यात आली. तुरुंगात उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्यपालांनी, खटलाच अन्यायाने चालला असे सांगून, मुक्त केले. आपल्याकडे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. तो निकाल सोलापूरने कधीच मान्य केला नाही. १ मे रोजी आपले कामगार जो दिवस पाळतात त्याचे मूळ त्या शिकागोच्या आंदोलनात आहे, हे आपल्या सहकाऱ्यांना जरूर सांगावे.

मे १९३० चे सोलापूर अराज्यवादी होते असा दावा मी करणार नाही. ते आंदोलन काँग्रेसचे आणि गिरणी कामगारांचे होते. गांधीजींना अटक झाल्यावर कामगार रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला, जमावाने पोलीस चौक्या आणि न्यायालय जाळले आणि पोलीस शहरातून हटले. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे थोडेसेच दिवस. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू होईपर्यंत रहदारी आणि बंदोबस्त स्वयंसेवक सांभाळत होते. सरकारच्या कागदोपत्री ती बेबंदशाही होती. शहरातल्या लोकांच्या आठवणीत मात्र ते दिवस स्वातंत्र्याचे म्हणून राहिले आहेत. एकाच घटनेची ही दोन वर्णने शेजारी ठेवून आपल्या मंडळात चर्चा व्हावी असे मला वाटते.

भारतात हा विचार परका आहे असेही नाही. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी आपणही अराज्यवादी आहोत, पण निराळ्या प्रकारचे, असे जाहीरपणे सांगितले होते. भगतसिंगांनी १९२८ मध्ये 'किरती' मासिकात अराज्यवादावर लेख लिहिले. १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले एम. पी. टी. आचार्य पुढे अराज्यवादी झाले आणि १९५४ मध्ये मुंबईत वारले. आजचे उदाहरण हवे असेल तर गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव पाहावे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यामागे वर्षानुवर्षे चाललेले अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची चिकाटी आहे, तिकडे लक्ष कमी जाते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांमध्ये ते होते.

आता दुसरा प्रश्न. जुन्या अराज्यवाद्यांनी आपले छापखाने आणि आपली वृत्तपत्रे उभारण्यावर अतोनात कष्ट घेतले. बार्सिलोनाचे 'सोलिदारिदाद ओब्रेरा' हे पत्र १९०७ मध्ये, म्हणजे सेएनतेच्याही आधी, सुरू झाले. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, ते इतर पत्रांवर विसंबून बहिष्कृत समाजाचे म्हणणे मांडले जाणार नाही हे ओळखूनच. स्वतःचे पत्र काढले म्हणजे परावलंबन संपले असे मात्र नव्हे. अमेरिकेत अराज्यवादी लेखिका एमा गोल्डमन यांचे मासिक १९१७ मध्ये बंद पडले, त्याचे एक कारण असे की युद्धकाळातील कायद्याखाली टपाल खात्याने ते वाटण्यास नकार दिला. छपाई हाती होती, वाटप हाती नव्हते. म्हणून 'वापरावे की सोडावे' यापेक्षा मला हा प्रश्न अधिक नेमका वाटतो की उद्या ही वाट बंद झाली तर आपण एकमेकांना सापडू शकू काय. आपल्या मंडळाचे पान बंद झाल्यावर माणसेच हरवली, यावरून त्याचे उत्तर मिळाले आहे.

उत्तर : जनता वाचक

गुरुजींचे विवेचन मी आदराने वाचले, तरीही एका मुद्द्यावर मला तीव्र मतभेद नोंदवायचा आहे, कारण तो टाळून हा विषय महाराष्ट्रात बोलता येणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की घटनात्मक मार्ग खुले असताना सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह या मार्गांना समर्थन उरत नाही, आणि त्या पद्धतींचे वर्णन त्यांनी अराजकाचे व्याकरण असे केले. त्याआधी एका वर्षापूर्वी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, त्यांनी खेड्याविषयी जे म्हटले तेही विसरून चालणार नाही. स्वयंपूर्ण ग्रामराज्याचे गोडवे गाणाऱ्यांना खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर असल्याचे त्यांनी दाखवून दिले. यामागे केवळ विचार नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. राज्यसत्ता दूर असते, पण पाटील, सावकार आणि जातपंचायत दाराशी असतात. राज्य बाजूला झाले तर आपोआप समता नांदेल असे मानणारा माणूस बहुधा असा असतो की ज्याला गावाने कधी पाणवठ्यावरून हाकलून दिलेले नाही.

२० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाहावा. तो थेट कृतीचा लखलखीत नमुना आहे. कोणाच्या परवानगीची वाट न पाहता हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पण त्यामागे १९२३ चा मुंबई विधिमंडळातील बोले ठराव होता, म्हणजे सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा कायदेशीर आधार होता. कृती लोकांची आणि आधार कायद्याचा, या दोहोंच्या संयोगातून महाड घडले. मेंढा (लेखा) येथील वनहक्कसुद्धा २००६ च्या कायद्यामुळे मिळाले, संसदेने तो कायदा केल्यामुळे मिळाले. त्यामुळे सत्तेला उत्तरदायी धरावे हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण सत्ताच नको या टोकाला मी जाऊ शकत नाही.

तरीही समाजमाध्यमांच्या बाबतीत मी अराज्यवाद्यांच्याच बाजूने उभा राहतो, आणि त्याचे कारण माझ्या दृष्टीने अगदी सरळ आहे. संविधानाने बांधलेल्या सरकारविरुद्ध मला न्यायालयात जाता येते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे कलम ६६ अ रद्द केले, त्याच्या मागे २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक मजकुरावरून झालेली अटक होती. नागरिक लढले आणि कलम गेले. कंपनी मात्र माझे पान बंद करते तेव्हा ती मूलभूत हक्कांना बांधील असल्याचे मानत नाही. सेवेच्या अटी मी मान्य केल्या होत्या, एवढेच तिचे उत्तर असते. ज्याला निवडता येत नाही, बदलता येत नाही आणि जाबही विचारता येत नाही अशा या सत्तेचे स्वरूप मला पाटलाच्या वाड्यासारखे वाटते. मंडळाने आपले पत्र काढावे, भले ते चार पानांचे असो.

उत्तर : विडी घरकुल कार्यकर्ती

तत्त्वचर्चा चांगली चालली आहे, पण ज्या बायांमध्ये मी काम करते त्यांच्या बाजूने काही सांगणे मला आवश्यक वाटते.

विडी वळणाऱ्या बाईच्या घरात बहुधा एकच स्मार्टफोन असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड किंवा उर्दू अशी आपल्या पूर्व भागाची स्थिती. अनेकींना यातले काहीच सलग वाचता येत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला निरोप त्या ऐकतात आणि उत्तरही बोलून देतात. त्यामुळे ही माध्यमे सोडा असे सांगणे म्हणजे, निदान आज तरी, या बायांना चर्चेतून वगळणे होय. हे शहाणपण आपण त्यांच्यावर लादू नये. अराज्यवादाचा जो अर्थ गुरुजींनी सांगितला त्यातही ते बसत नाही.

मात्र माध्यम वापरणे वेगळे आणि त्याच्यावर निर्णय सोपवणे वेगळे. गटामध्ये फक्त अ‍ॅडमिननेच लिहावे अशी सोय आहे. ती लावली की दोन-चार फोनवाल्यांच्या हातात सारी सत्ता जाते, आणि संघटनेत अध्यक्ष नाही म्हणून आपण समाधान मानत असताना अ‍ॅडमिन हाच अध्यक्ष होऊन बसतो. गटावर अंगठ्याचे चित्र पाठवून ठराव मंजूर झाल्याचे मी पाहिले आहे. ज्या बायांच्या मजुरीचा तो ठराव होता त्यांच्यापैकी बहुतेकींना तो दुसऱ्या दिवशी कळला. तेव्हापासून आम्ही निरोप फोनवर देतो आणि निर्णय सभेतच करतो. सभेची वेळ कारखान्यात माल देऊन आल्यानंतरची ठेवतो, कारण अन्य वेळी बोलावले तर येतात ते पुरुष. रिक्षावर भोंगा लावून तेलुगूत आणि मराठीत पुकारा करणे, नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिणे आणि गल्लीगल्लीत एकेकीने दहा घरे वाटून घेणे, या गोष्टी आम्ही मुद्दाम बंद पडू दिलेल्या नाहीत.

कुंभारी येथे कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये घरांचे हस्तांतर झाले. त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप अस्तित्वातही नव्हते. मोर्चे, सभासद वह्या आणि घरोघरच्या बैठका यांवर ते काम झाले. त्यात सरकारचे अनुदान होते, हे जनता वाचक यांच्या मुद्द्याला धरूनच आहे. आजही कोणी मला विचारले की तुमच्या सभासद कोण, तर मी फोन काढत नाही, वही काढते.

उत्तर : मंगळवेढेकर

एक गोष्ट या चर्चेत यायलाच हवी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी होते आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण आमच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. देशभर अशा हत्या होत गेल्यावर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. हे आधी का झाले नाही, आणि तो निर्णय कॅलिफोर्नियातील लोकांनी घ्यावा अशी पाळी आपल्यावर का आली, हे मला कोणी समजावून सांगावे. मारले गेलेले लोक त्या माध्यमाचे ग्राहक म्हणूनही कुणाच्या हिशेबात नव्हते. मुक्त संवादाविषयी बोलताना भटक्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोण घेणार, या प्रश्नाचे उत्तर अराज्यवाद्यांनीही द्यावे.

उत्तर : संगणक कारागीर, जुळे सोलापूर

मी सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळे आणि माध्यमे ज्यांवर चालतात ते संगणक, सांभाळण्याचे काम करतो, त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो आणि ती मांडताना मंगळवेढेकर यांच्या प्रश्नालाही उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

२०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप फेसबुकने विकत घेतल्यापासून ही तिन्ही माध्यमे एकाच कंपनीच्या मालकीची आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातील एका चुकीमुळे ती तिन्ही जगभर सुमारे सहा तास एकदम बंद पडली. कंपनीच्या उत्पन्नाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींतून येतो. याचा अर्थ असा की आपले लेखन कोणाला दिसावे हे ठरवताना ते किती महत्त्वाचे आहे यापेक्षा ते माणसाला पडद्यासमोर किती काळ खिळवून ठेवील, हे पाहिले जाते. जानेवारी २०१८ मध्ये तिने मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे ठरवले आणि संस्थांच्या पानांची पोहोच घटली. संस्थांशी त्याबाबत कोणी सल्लामसलत केली नव्हती.

पाने बंद होण्याचे प्रकार दोन आहेत आणि ते वेगवेगळे समजून घ्यावेत. पहिल्यात कंपनी स्वतःच्या धोरणाने वागते. १९ ऑगस्ट २०२० रोजी फेसबुकने सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्याचे सांगून क्यूअ‍ॅनॉनसारख्या कटवादी गटांबरोबरच अमेरिकेतील काही अराज्यवादी प्रकाशनांची पानेही काढून टाकली. दुसऱ्यात सरकार सांगते आणि कंपनी करते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी शेतकरी आंदोलनाच्या काळात सरकारच्या आदेशावरून ट्विटरने किसान एकता मोर्चासह सुमारे २५० खाती भारतात रोखली आणि त्याच दिवशी पुन्हा खुली केली. हे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली निघतात आणि २००९ च्या नियमांतील सोळाव्या नियमाने ते गोपनीय राहतात, त्यामुळे ज्याचे पान बंद झाले त्याला कारण कळेलच असे नाही. जनता वाचक यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की राज्य आणि कंपनी या दोन सत्ता नेहमी एकमेकींना आवर घालतात असे नाही. पुष्कळदा त्या हातात हात घालून चालतात.

पर्यायांपैकी मॅस्टोडॉन हे माध्यम अराज्यवादी विचाराला सर्वांत जवळचे आहे. २०१६ मध्ये ते सुरू झाले. त्याला मालक कंपनी नाही. कोणीही आपला सर्व्हर उभारू शकतो आणि प्रत्येक सर्व्हरवरील लोक इतर सर्व्हरवरील लोकांशी बोलू शकतात, जसे एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलवर पत्र जाते. नियम प्रत्येक सर्व्हर स्वतःचे ठरवतो. २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुरासाठी ओळखल्या जाणाऱ्या गॅब या संकेतस्थळाने याच प्रणालीचा आधार घेतला, तेव्हा त्याला हाकलून देणारी केंद्रीय सत्ता अस्तित्वातच नव्हती. पण पुष्कळ सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले आणि ते एकाकी पडले. एकत्र येण्याच्या स्वातंत्र्यात संबंध नाकारण्याचे स्वातंत्र्यही येते, हे तत्त्व तेथे प्रत्यक्ष चालताना दिसले. मंगळवेढेकर यांच्या प्रश्नाचे हे अर्धेच उत्तर आहे, हे मी मान्य करतो. द्वेष पसरवणारा गट एकटा पाडता येतो, पण तासाभरात पसरणाऱ्या अफवेपुढे ही पद्धत मंद आहे. तेथे त्या भागातील विश्वासाची माणसेच कामी येतात, आणि ती माणसे आधीपासून जोडलेली असावी लागतात.

पर्यायाच्या मर्यादाही ऐकून घ्याव्यात. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातील हजारो लोक ट्विटरवर रागावून मॅस्टोडॉनवर गेले आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जण परत आले, कारण त्यांचे ओळखीचे लोक तेथे नव्हते. खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येते आणि अनुयायीही बरोबर येतात, पण जुना मजकूर येत नाही. सर्व्हर सांभाळणारा कंटाळला किंवा पैसे संपले तर सर्व्हर बंद पडतो. शिवाय ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो कितीही सज्जन असला तरी सत्ताधारीच असतो. म्हणून माझा आग्रह असा की तंत्रज्ञ हा मंडळाचा सेवक असावा, पासवर्ड किमान तिघांकडे असावेत आणि ते काम इतर जबाबदाऱ्यांप्रमाणे फिरावे.

प्रत्यक्षात आपल्या मंडळाने सुरुवात याहून साध्या गोष्टींनी करावी. संकेतस्थळाचे नाव मंडळाच्या मालकीचे असावे आणि मूळ मजकूर नेहमी तेथे ठेवावा. कंपन्यांच्या माध्यमांवर फक्त त्याचा दुवा द्यावा. ज्यांना निरोप हवे आहेत त्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल त्यांच्या संमतीने घेऊन ठेवावेत. ही यादी स्वतःकडे ठेवणे म्हणजे जोखीमही आहे, म्हणून तिच्यात नाव आणि क्रमांक याखेरीज काहीही लिहू नये. जात, पक्ष, कामाचे ठिकाण तर मुळीच नको. आपापसांतील नाजूक बोलण्यासाठी सिग्नल हे निरोपांचे माध्यम बरे, कारण ते ना-नफा संस्थेकडून चालते. मात्र त्याचेही सर्व्हर एकाच संस्थेच्या हाती आहेत आणि नोंदणीला फोन क्रमांक लागतो.

प्रतिसाद : साखर पेठ वाचक

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल मंडळाच्या बैठकीत ही सर्व उत्तरे मोठ्याने वाचली आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. नावाच्या प्रश्नावर एकमत झाले नाही. जनता वाचक यांचा मुद्दा आमच्यातील अनेकांना पटला आणि काहींना तो अपुरा वाटला. तेव्हा मंडळाने कोणतेही नाव घेऊ नये आणि वाचन चालू ठेवावे, इतकेच ठरले. पुढील महिन्यात शिकागोचा खटला आणि १९३० चे सोलापूर हे दोन्ही विषय एकत्र घेणार आहोत. गुरुजींनी त्या दिवशी यावे, अशी सर्वांची इच्छा आहे.

माध्यमांविषयी मात्र निर्णय झाले. बंद झालेल्या पानाच्या जागी नवे पान काढायचे, पण त्यावर मूळ मजकूर ठेवायचा नाही. सभासदांची वही ताईंनी सांगितल्याप्रमाणे कागदावर सुरू झाली आहे आणि दहा-दहा घरांची वाटणी येत्या रविवारी होईल. चार पानांचे पत्रक मराठी आणि तेलुगूत काढण्याची जबाबदारी दोघींनी घेतली आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणताही ठराव मंजूर धरला जाणार नाही, हे फळ्यावर लिहून ठेवले आहे.

संगणक कारागीर यांना एक विचारायचे आहे. संकेतस्थळाचे नाव मंडळाच्या मालकीचे असावे असे आपण म्हणता, परंतु आमचे मंडळ नोंदणीकृत नाही आणि नोंदणी करायची म्हटली की अध्यक्ष व सचिव दाखवावे लागतात. अशा स्थितीत ते नाव कोणाच्या नावावर घ्यावे, आणि ती व्यक्ती शहर सोडून गेली किंवा मंडळाशी तिचे पटेनासे झाले तर ते परत कसे मिळवावे, याविषयी कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहावे.